पर्सोना बनवताना आपण नक्की कोणाला डोळ्यासमोर ठेवतो? (आशाताईंच्या अॅपचा अनुभव)

रेघोटी

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. मी पुण्यात यूएक्स डिझायनर आहे, म्हणजे अॅप लोकांना सहज वापरता यावं म्हणून ते आखते, बारा वर्षं झाली, त्यातली बहुतेक बँका आणि विम्याच्या अॅपमध्ये गेली. मागच्या वर्षी एका छोट्या संस्थेसाठी आशाताईंच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांच्या गृहभेटींची नोंद ठेवणारं अॅप करायला घेतलं. बीड जिल्हा, धारूर-वडवणीकडचा डोंगराळ भाग. त्या कामात पर्सोना या प्रकाराबद्दलचं माझं मत पार बदललं, ते लिहायचंय आणि तुमचे अनुभव पण हवेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पर्सोना म्हणजे आपण ज्यांच्यासाठी वस्तू बनवतोय त्यांच्यातल्या एका प्रकारच्या माणसाचं उभं केलेलं चित्र. नाव, गाव, दिवस कसा जातो, काय साधायचंय, कुठे अडतं. माणूस काल्पनिक, पण त्याच्याबद्दलची प्रत्येक गोष्ट खऱ्या माणसांकडून आलेली असायला हवी. सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत रुजवली अॅलन कूपर या अमेरिकन सॉफ्टवेअर डिझायनरने. १९८३ मध्ये तो एकटाच प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं एक सॉफ्टवेअर लिहीत होता, त्यासाठी सात-आठ जणांना भेटून बोलला, त्यातली एक बाई जाहिरात कंपनीत होती. मग रोज जेवण झाल्यावर तो जवळच्या गोल्फ कोर्सवरून चालायचा आणि त्या बाईसारख्या एका मॅनेजरचं सोंग घेऊन स्वतःशीच बोलायचा, हे मला लागेल का, हे कशाला हवंय असं. मला हा किस्सा फार आवडतो कारण त्यात टेम्प्लेट नाही, फोटो नाही, आधी भेटणं आहे आणि मग बोलणं आहे.

आता आम्ही काय केलं ते. ऑफिसमध्ये दोन तास बसलो, भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि 'सुनीता' तयार केली. वय २८, शिक्षण बारावी, समाजसेवेची आवड, छंद वाचन आणि गाणी, अडचण वेळ कमी पडतो. हातात मोबाईल घेऊन हसणाऱ्या बाईचा इंटरनेटवरचा फोटो. खोलीत आम्ही सहा जण होतो आणि सहापैकी एकानेही कुठल्या आशाताईंना काम करताना बघितलेलं नव्हतं. पुढचे दीड महिने ही सुनीता आमच्या प्रत्येक मीटिंगमध्ये होती आणि तिने आम्हाला एकदाही नाही म्हटलं नाही! प्रत्येक भेटीचा फोटो हवा? सुनीता काढेल. जीपीएस हवं? सुनीता चालू ठेवेल. कूपरने यालाच लवचीक युजर म्हटलंय, ज्याला जे बनवायचंय त्याप्रमाणे तो ताणला जातो, कधी अगदी अडाणी होतो तर कधी इंजिनियर.

मग मी हट्ट करून चार दिवस बीडला गेले. अकरा आशाताईंना भेटले, त्यांच्या घरी बसले, त्यांच्याबरोबर वस्तीवर, वाडीवर चालत गेले.

पहिल्याच दिवशी जे कळलं ते अजून मनातून जात नाही. बाळंतपणानंतर आशाताईंनी घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला बघायचं असतं, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशी पण. सगळ्या भेटी झाल्या की २५० रुपये मिळतात. आणि आमच्या फॉर्ममध्ये सगळ्यात वर काय होतं, तर 'बाळाचं नाव', सक्तीचं, ते भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. अहो तिसऱ्या दिवशी कुठल्या बाळाला नाव असतं आपल्याकडे? बारसं बाराव्या दिवशी, काही घरात सव्वा महिन्याने. म्हणजे पहिल्या दोन भेटी तर बिननावाच्याच जाणार. चाचणीसाठी ज्यांना अॅप दिलं होतं त्यांनी मग सुचेल ते भरलं, कोणी 'बाळ', कोणी 'मुलगी', कोणी नुसतं 'अ अ अ'. नंतर एका ताईंना शोधायचं होतं की कुठल्या बाळाचं वजन कमी भरलं होतं, तर यादीत सगळी 'बाळ' च! त्यांनी शांतपणे पिशवीतून रजिस्टर काढलं आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं.

मी मराठी घरातली, माझ्या स्वतःच्या मुलीचं बारसं बाराव्या दिवशी झालं, तरी तो फॉर्म आखताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. हे मला जास्त लागलं. माहिती माझ्याकडे होतीच, पण समोर खरं माणूस नव्हतं म्हणून ती आठवली नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या पाळीची तारीख. आम्ही छान कॅलेंडर दिलं होतं. बायका तारीख सांगतच नाहीत, त्या सांगतात पोळा झाला त्याच्या चार दिवसांनी, घट बसायच्या आधी. आशाताई मग भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघून तारीख काढतात. आमच्या अॅपच्या कॅलेंडरमध्ये एकही सण नव्हता.

ऊसतोडीचं तर वेगळंच. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. अॅपमध्ये अशा गरोदर बाईच्या नावापुढे लाल खूण, 'भेट चुकली'. ती बाई सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात फडात ऊस तोडतेय, आणि खूण मात्र आशाताईंच्या नावावर. एक ताई म्हणाल्या, मॅडम हे लाल बघितलं ना की वाटतं माझीच चूक आहे. तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही.

परत आल्यावर सुनीता काढून टाकली. नवीन तीन पर्सोना केल्या, प्रत्येकीत फक्त बघितलेलं आणि ऐकलेलं. त्यातली मुख्य म्हणजे 'रात्री साडेनऊला नोंद करणारी आशा'. दिवसा भेटी, वस्तीवर रेंज नाही म्हणून कागदावर खुणा, संध्याकाळी शेत-स्वयंपाक, फोन मुलाकडे, त्याचा अभ्यास झाला की तिच्या हातात येतो, तोपर्यंत डोळे मिटायला लागलेले. छंद, आवड सगळं काढलं.

माझा प्रश्न हा की तुमच्याकडे पर्सोना खरंच कामात येतात का? आणि त्यात काय असावं, काय नसावं?

सह्याद्रीवारा

छान लिहिलंय. मी डेव्हलपर आहे आणि स्पष्टच सांगतो, आजवर चार कंपन्यांत पर्सोनाच्या पीडीएफ आल्या, एकदा उघडल्या, परत कधीच नाही. आमच्यापर्यंत जे येतं ते तिकीट असतं, म्हणजे एकेका कामाची चिठ्ठी, 'फोटो अपलोड जोडा' एवढंच, त्यामागे कोण माणूस आहे ते कुठे लिहिलेलं नसतं. तुमच्या त्या साडेनऊच्या बाईचं वाक्य तिकिटात असतं ना, तर मी स्वतःहून विचारलं असतं की मग फोटो अपलोड झाला नाही तर तिने रात्री जागत बसायचं का? नोंद आधी फोनमध्ये सेव्ह होऊदे, रेंज आली की आपोआप जाईल, फार मोठं काम नाही ते, पण सुरुवातीला ठरलं तर, नंतर सगळा डेटाबेस उलटा करावा लागतो. डिझायनर लोक पर्सोना मॅनेजरला दाखवतात पण कोड लिहिणाऱ्याला दाखवत नाहीत असा माझा अनुभव.

दुसरं, चार दिवस बीडला जायला मिळणं हे सगळ्यांच्या नशिबात नसतं. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (ठरलेलं काम संपवायची मुदत), बजेट शून्य, तेव्हा काय करायचं?

रेघोटी

@सह्याद्रीवारा तिकिटाचं एकदम पटलं. आम्ही आता प्रत्येक तिकिटाच्या वर एक ओळ लिहितो, कोण, कधी, कुठल्या परिस्थितीत. पीडीएफ बनवलीच नाही, एक कागद भिंतीवर आहे.

बजेट नसेल तर अंदाजाची पर्सोना करायला माझी हरकत नाही, मात्र प्रत्येक ओळीपुढे लिहायचं 'बघितलं', 'ऐकलं' की 'अंदाज'. आमच्या सुनीतावर हे केलं असतं तर सगळ्या ओळींपुढे अंदाजच आला असता आणि आम्ही तिथेच थांबलो असतो. आणि फोनवर पाच जणींशी अर्धा-अर्धा तास बोलणं एवढं तरी कुठल्याही स्प्रिंटमध्ये बसतं हो.

म्युनिककर

सरासरी माणसाच्या फसवणुकीबद्दल एक जुनी गोष्ट सांगतो, इकडे जर्मनीत आम्ही गाडीच्या सीट आणि डॅशबोर्डवर काम करतो तिथे नवीन आलेल्यांना मी हीच सांगतो. १९५० मध्ये अमेरिकन हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली, कारण कॉकपिट त्याआधी सरासरी मापावर बनवलेलं होतं आणि अपघात फार होत होते. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली आणि बघितलं की या दहाही मापांत मधल्या पट्ट्यात बसणारे किती वैमानिक आहेत. उत्तर शून्य. चार हजारांत एकही नाही. नुसती तीन मापं घेतली तरी साडेतीन टक्क्यांपेक्षा कमी. त्यानंतर हवाई दलाने सीट, पेडल, पट्टे मागेपुढे होणारे मागितले.

'वय २८, शिक्षण बारावी' ही पर्सोना मला त्या सरासरी वैमानिकासारखी वाटते. सगळ्या आशाताईंची सरासरी काढली तर कदाचित तशीच येईल पण तशी एकही भेटणार नाही. त्यामुळे पर्सोना वागण्यावरून पाडाव्यात, वयावरून नको. रात्री एकदम नोंद करणारी आणि भेटीच्या जागीच नोंद करणारी या दोघींचं वय एकच असेल पण अॅप वेगळं लागतं.

चिमणचारा

धागा वाचून खास लॉगिन केलं. माझी आई आशा आहे, चौदा वर्षं झाली, आमचं गाव पण बीड जिल्ह्यातलंच. रेघोटीताई तुम्ही जाऊन बसलात घरी, ऐकून घेतलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार, नाहीतर येणारे लोक उपकेंद्रात मीटिंग घेतात, फोटो काढतात आणि जातात.

पण एक गोष्ट मला खटकली ती बोलते. तुमच्या नवीन पर्सोनात पण फक्त त्रासच आहे. रात्र झाली, डोळे मिटतात, रेंज नाही, फोन मुलाकडे. हे सगळं खरंय, आमच्या घरात तर आईचा फोन म्हणजे दादाने वापरून टाकलेला, त्यातली अर्धी जागा केंद्राच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या फोटोंनी भरलेली. पण माझी आई बिचारी नाहीये. मागच्या हंगामात आठव्या महिन्यातल्या एका पोरीला घेऊन टोळी निघाली होती. कोयता म्हणजे नवरा-बायको जोडी, मुकादमाने दोघांची उचल दिलेली, बाई नाही आली तर अर्धा कोयता, पैसे कोण फेडणार. आई मुकादमाच्या दारात दोन तास बसली, सासूला समजावलं, सरपंचाला मध्ये घातलं आणि पोरीला गावात ठेवून घेतलं. पुढे बाळंतपण दवाखान्यात झालं. हे तुमच्या पर्सोनात कुठे बसतं?

आईला पाचशे घरांत कोण कुठे दिलंय, कोण माहेरी आलंय, कोणाचं आधीचं बाळ गेलंय सगळं तोंडपाठ आहे. ती गावची सून आहे, भाया-सासऱ्यांसमोर मोबाईल काढून प्रश्न विचारत बसली तर घरात बाई बोलणारच नाही, म्हणून ती आधी चहा घेते, शेरडाची चौकशी करते आणि मग हळूच विषय काढते. आणि नोंद जागेवर न करण्याचं कारण रेंज नाही ताई, कारण हे आहे. अॅप बनवणाऱ्याला वाटतं की तिला येत नाही म्हणून ती नंतर भरते.

तर पर्सोनात अडचणी लिहा पण त्या बाईला काय येतं ते पण लिहा, नाहीतर सगळे मिळून तिला शिकवायलाच निघतात.

रेघोटी

@चिमणचारा तुमचं दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि माझं चुकलंय. मी रेंजचं कारण धरून चालले होते, कारण मी विचारलं तेव्हा ताईंनी पण तेच सांगितलं, बाहेरून आलेल्या बाईला भाया-सासऱ्यांचं कारण कशाला सांगतील? चार दिवसांत जे सांगितलं गेलं ते मी ऐकलं, जे सांगायचं नव्हतं ते मला दिसलं नाही. आज दुपारी पर्सोनाच्या कागदावर पहिला भाग बदलला, 'तिला काय येतं'. त्यात पहिली ओळ, घरात बोलतं कसं करायचं ते तिला माहीत आहे, अॅपने मध्ये येऊ नये.

त्यावरून भेटीच्या वेळचा स्क्रीनच काढायचा विचार चाललाय. भेटीच्या आधी घराबाहेर दहा सेकंदात बघता येईल एवढीच माहिती, मागच्या वेळी वजन किती, काय विचारायचं राहिलं, आणि बाकी नोंद नंतर. आईंना दाखवून विचाराल का, असं चालेल का ते?

अक्षरस्पर्श

मी पूर्ण अंध आहे, टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर फोन वापरतो, मुंबईत बँकेत नोकरी. पर्सोनाबद्दल माझं वेगळं दुखणं आहे. दहा पर्सोना करतात आणि अकरावी 'दिव्यांग युजर' म्हणून शेवटी जोडतात, तिला ना नोकरी, ना घाई, ना घर. ती फक्त अंध असते. मी सकाळी लोकलमध्ये उभा असतो, एका हाताने कडी धरलेली, दुसऱ्या हातात फोन, एका कानात इयरफोन आणि दुसरा कान स्टेशन ऐकायला मोकळा. ओटीपी यायला वेळ, वाचायला वेळ, आणि तीस सेकंदात पान बंद. कितीतरी अॅपमध्ये नुसतं 'बटन, बटन, बटन' असं ऐकू येतं कारण बटणाला नावच दिलेलं नसतं.

मायक्रोसॉफ्टच्या समावेशक डिझाइनच्या साहित्यात पर्सोना स्पेक्ट्रम नावाची कल्पना आहे ती मला पटते. एक हात नसलेला माणूस, हात प्लॅस्टरमध्ये असलेला माणूस आणि कडेवर बाळ असलेली आई, तिघांनाही एका हाताने वापरता येईल असंच हवंय. एकाची अडचण कायमची, एकाची महिनाभराची, एकीची त्या घडीपुरती. तुमच्या आशाताई पण बाळाचं वजन घेताना एका हातानेच फोन धरत असतील ना? म्हणजे जे माझ्यासाठी कराल ते त्यांनाही लागणारच आहे. वेगळी अकरावी पर्सोना करण्यापेक्षा आहे त्याच प्रत्येक पर्सोनाला विचारा की हिचा हात अडकला, डोळा अडकला, कान अडकला तर काय होतं.

जुनाखडू

उत्तम चर्चा. हल्ली एक नवीनच चालू झालंय ते सांगतो. मी प्रॉडक्ट मॅनेजर, आमच्याकडे एका मुलाने चॅटजीपीटीला सांगून वीस मिनिटांत आठ पर्सोना आणल्या, ग्रामीण महाराष्ट्रातले शेतकरी. वाचायला इतक्या सुंदर की मीटिंगमध्ये सगळे खूश. आठही शेतकरी कष्टाळू, आठही जणांना 'हवामानाची अचूक माहिती' हवी. एकालाही भावाशी बांधावरून वाद नाही, एकाच्याही सातबाऱ्यावर वडिलांच्या नावाबरोबर चार काकांची नावं नाहीत. आमचं अॅप पीककर्जाचं होतं, म्हणजे नेमकं तिथेच घोडं अडणार होतं.

मी त्या मुलाला रागावलो नाही, प्रश्नांची यादी काढायला, मुलाखतीची तयारी करायला ते बरं आहे. पण रेघोटीताईंनी लिहिलंय तसं तीही पर्सोना सगळ्याला हो म्हणते.

अजून एक, कूपरच्या पद्धतीत सर्व्ड पर्सोना असा प्रकार आहे, म्हणजे जो अॅप हातात धरत नाही पण ज्याच्यावर त्याचा परिणाम होतो तो माणूस. तुमच्याकडे ती बाळंतीण आहे. तिचा कागद केलाय का?

सह्याद्रीवारा

@जुनाखडू हा मुद्दा भारी आहे. बाळंतिणीला हे तरी माहीत आहे का की तिची माहिती कुठे जातेय? आणि आशाताईंचा फोन मुलाच्या हातात असतो, म्हणजे पोराने अॅप उघडलं तर गावातल्या सगळ्या गरोदर बायकांची यादी समोर. पिन लावा, आणि उघडल्या-उघडल्या यादी दाखवू नका. हे कोणत्याही तिकिटात येणार नाही, तिचा कागद असला तरच सुचेल.

रेघोटी

नव्हता केला. कालपासून त्यावर बसलेय. दिवस राहिल्याचं तीन महिने होईपर्यंत घरात सुद्धा सांगत नाहीत आणि आमच्या अॅपच्या नोटिफिकेशनमध्ये तिचं पूर्ण नाव आणि 'गरोदर नोंदणी बाकी' असं बंद स्क्रीनवर दिसायचं. आज सकाळी ते बंद करायला सांगितलं, संध्याकाळपर्यंत झालं पण. @सह्याद्रीवारा पिन पण घेतलाय, चार आकडी, विसरला तर गटप्रवर्तक ताईंकडून (आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या) बदलून मिळेल.

बाकी बदल सांगते. बाळाचं नाव सक्तीचं नाही, तोपर्यंत 'आईचं नाव - बाळ' असं आपोआप येतं, जुळं असेल तर पहिलं-दुसरं, बारसं झालं की बदलायचं. कॅलेंडरमध्ये पोळा, घट, दसरा, दिवाळी, संक्रांत आणि प्रत्येक अमावस्या-पौर्णिमा टाकली. लाल खूण काढली, त्या जागी 'ऊसतोडीला गेली' असा पर्याय, आणि कुठल्या भागात गेली ते माहीत असेल तर लिहायला जागा. संस्थेतल्या एकांचं म्हणणं होतं की मग सगळ्याजणी तेच निवडतील आणि भेटी चुकवतील. मी त्यांना अकरा मुलाखतींचे कागद वाचायला दिले. अजून उत्तर आलेलं नाही.

@अक्षरस्पर्श सगळ्या बटणांना मराठीत नावं देतोय, झालं की तुम्हाला पाठवू का? टॉकबॅकवर मराठी कसं ऐकू येतं ते आम्हाला कोणाला नीट कळत नाही.

पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे, बुधवारी चार जणींना नवीन दाखवायचं ठरतंय.

अक्षरस्पर्श

पाठवा जरूर. 'कि.ग्रॅ.' असं लिहिलं असेल तर ते अक्षरं तोडून विचित्र वाचलं जातं, 'किलो' लिहा.

चिमणचारा

रेघोटीताई आईला दाखवलं. दहा सेकंदाचा स्क्रीन आवडला, म्हणाली मागचं वजन मोठ्या अक्षरात हवं, चष्मा पिशवीत असतो. पिन नको म्हणत होती, मी बाळंतिणीच्या नावाचं सांगितलं तेव्हा लगेच म्हणाली लाव बाई लाव.

आणि बुधवारी जाऊ नका, आमच्याकडे बुधवारी लसीकरण असतं, एकीला पण फुरसत नसते. गुरुवारी दुपारी दोननंतर या, घरी असतात सगळ्या. आमच्या घरी पण या, आई म्हणतेय जेवायलाच या.